आवाज येऊन राहिला का?

जवळा बाजारात सभेचा कर्णा म्हणजे माझ्या हातचा. पत्रा ठोकून, गळा लांबवून मी कितीतरी कर्णे मोडले, तेव्हा कुठं एकाचा आवाज मैदानाच्या टोकाच्या चिंचेपर्यंत पोचला. परीक्षा साधी होती. मी माईकवर विचारायचं, "आवाज येऊन राहिला का?" चिंचेखालून "व्हय!" आलं की कर्णा पास.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात निजामी अंमलदारांनी सभा बंद केल्या. मी भरदुपारी कर्णा बांधला. बांधणारच होतो.

ठाण्याच्या अमीनसाहेबानं शिपाई घालून सगळा बाजार हुसकून लावला आणि माझ्यासमोर खुर्ची टाकली.

"अब बोल, संतराम! सुनेगा कौन?"

मी माईक तोंडाशी धरला. "आवाज येऊन राहिला का?"

"व्हय!" चिंचेखालून आलं.

शिपाई धावले, चिंचेला फेरा घालून परतले. तिथं कोणीच नव्हतं.

मी पुन्हा विचारलं. आता "व्हय" मैदानाच्या मधून आलं. बायांचं, म्हाताऱ्यांचं, लेकरांचं. धुळीवर एक पाऊल उमटलं नव्हतं.

अमीनसाहेब ताडकन उठला, माझ्याजवळ आला आणि त्यानं बॅटरीची तार उपटली. कर्णा मुका झाला.

"तार तोडली तुमी," मी म्हणालो. "तोंड माझं हाय."

आणि उघड्या तोंडानं, हळूच विचारलं, "आवाज येऊन राहिला का?"

"व्हय," साहेबाच्या रिकाम्या खुर्चीतून कोणीतरी म्हणालं. "बोल तू."