वारा लागेल म्हणून

मोरेश्वररावांनी शेवटचा फडका फिरवून किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. स्वारी खूश झाली. नागपुरात जन्मभर आपली फियाट आपल्याच हातांनी धुतलेला हा माणूस लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत रेडमंडला आला होता, आणि इथे त्याला करायला काही म्हणजे काही नव्हतं. आज मात्र जावई ऋषी बसने ऑफिसला गेला आणि त्याची गाडी तावडीत सापडली.

इंजिन धुण्याचं काम अगदी जपून केलं होतं. आधी इंजिन गार असल्याची खात्री केली. बॅटरीची वायर काढली. पाणी जायला नको तिथे प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. सगळं परत जोडून झालं होतं; आता ओल सुकेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं, एवढंच उरलं होतं. बाहेर जानेवारीचा पाऊस आणि बोचरा वारा. गॅरेजच्या बरोबर वरच्या खोलीत स्वानंदी आणि तिचं तान्हं बाळ झोपलेलं. बाळ-बाळंतिणीला वारा लागायला नको, म्हणून त्यांनी गॅरेजचा मोठा दरवाजा खाली ओढला. घरात उघडणारं दार तेवढं किलकिलं ठेवलं. इंजिनाचा सूर बिघडला तर कानावर यायला हवा.

हात धुऊन, पेपर चाळून ते उठले, तोच पॅसेजमधला अलार्म कर्कश ओरडू लागला. हे रोजचंच होतं. पत्नी शोभनाताईंची फोडणी तडतडली की त्याने बोंब ठोकलीच. पोर उठेल या धास्तीने मोरेश्वरराव स्टुलावर चढले, छताला लावलेली त्याची डबी उतरवली, सेल काढून खिशात टाकले. घर शांत झालं. बाळाने हूं की चूं केलं नाही. त्यांना बरं वाटलं.

"अगं, फोडणी जरा बेताने घाल," ते म्हणाले.

शोभनाताई कपाळ दाबत किचनच्या दारात आल्या.

"अहो, फोडणी कुठली? मी अजून शेगडी लावलीच नाही. मघापासून डोकं नुसतं गरगरतंय."

मोरेश्वररावांची नजर गॅरेजच्या किलकिल्या दाराकडे गेली. त्यांनी धावत जाऊन इंजिन बंद केलं, दरवाजा वर केला आणि जिना गाठला. स्वानंदी हाकेला ओ देईना. गदागदा हलवल्यावर तिने कसेबसे डोळे उघडले. बाळाची मान त्यांच्या हातावर लुळी पडली. त्याला उराशी धरून, लेकीला ओढत, ते भर पावसात रस्त्यावर आले. शोभनाताई आधीच शेजारणीचं दार बडवत होत्या.

ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन लावल्यावर बाळ रडलं. मोरेश्वरराव तिथेच मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

स्वानंदीने तोंडावरचा मास्क बाजूला केला. ती अजून गुंगीतच होती.

"बाबा, अलार्म वाजला कसा नाही? नुसता धूर नाही, गाडीचा गॅस घरात आला तरी कळावं, म्हणून बाळासाठीच तर ऋषीने बसवला होता तो."