वाजता चुडा

"धरा गं तिला! दोघी हाताला धरा, एकीनं पायावर बसा."

आपल्याच पोटच्या पोरीबद्दल साखरबाईनं असं सांगितलं, आणि बायकाही काय, लगेच पदर खोचून उठल्या. आठ वर्षांची रंगू माजघराच्या कोपऱ्यात डोकं खुपसून, कानांवर हात दाबून ओरडत होती. डोळ्यांत पाणी नाही, तोंडात शब्द नाही, नुसती एकसुरी किंकाळी.

मोठीचं लग्न उद्यावर आलेलं. दौंडचं वऱ्हाड सकाळीच ट्रकमधून उतरलं होतं. शिरूरहून बन्सी कासार आला होता. चुड्याच्या दिवशी घरातल्या एकाही बाईचा, पोरीचा हात मोकळा ठेवायचा नाही, ही रीत. नवरीच्या बांगड्या भरून झाल्या, विहिणीच्या झाल्या, भावकीतल्या तीस-बत्तीस जणींच्या झाल्या. जिकडंतिकडं हिरवी काच खळखळत होती. राहिली एकटी रंगू. आणि नवरदेवाची आई आक्काबाई भिंतीला टेकून हे सगळं बघत होती.

"हिला काय होतंय वो?" आक्काबाईनं विचारलं.

"काय न्हाई, शेंडेफळ हाय ना, लाडावलीय जरा." साखरबाई उसनं हसली. घरात येडं माणूस आहे असं एकदा वऱ्हाडाच्या कानावर गेलं की मोठीचं लग्न मोडलंच म्हणायचं.

"आत्यावर गेलीय," मागून कोणीतरी बोललं. दोघी-तिघी पदराआड हसल्या.

आत्या तिथंच बसली होती. नकुशी, रंगूच्या बापाची बहीण. पस्तिशी गाठली, दोन लेकरं झाली, तरी माहेरी ती 'येडी नकुशी'च. एरवी ती आपल्या बांगड्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायची, एकीला दुसरी लागू नये म्हणून. पाव्हण्यांपुढं शोभत नाही म्हणत साखरबाईनं सकाळीच त्या सोडायला लावल्या होत्या. तेव्हापासून नकुशी दोन्ही मनगटं गुडघ्यांत दाबून बसली होती.

"वयनी, सोडा तिला," ती म्हणाली. "तिला बांगड्यांचं वावडं न्हाई. हा आवाज सोसंना झालाय."

"आता गं बया! बांगडीचा आवाज कुणाला सोसत न्हाई?" नकुशीची थोरली चुलती झुंबरबाई कडाडली.

"मला. ल्हानपणापास्नं. माझ्या कानात न्हाई, दातांत वाजतं ते. एखादी वाजली तर चालतं, पण अशा ढिगानं वाजल्या की समोरचं दिसंनासं व्हतं. काकू, मला बी तुमी अशीच दाबून धरली व्हती. मी चावले व्हते तुमाला."

"चावलीस की! वण हाय अजून. तवाच भगताकडं न्यायला पायजे व्हतं तुला."

माजघर खो खो हसलं. हसताना हात हलले, हातांबरोबर काच वाजली, आणि रंगूनं कपाळ भिंतीवर आपटलं.

नकुशीनं कमरेच्या पिशवीतून चिंध्या काढल्या. "ह्या गुंडाळून भरा. वाजणार न्हाईत. तुमची रीत बी ऱ्हाईल. मी गुंडाळते, दोन घटका लागतील."

"वन्सं, तुमी गप बसा!" साखरबाईनं चिंध्या हिसकून अंगणात भिरकावल्या. "स्वतःचं हसं झालं ते पुरे. माझ्या घराचं करू नका."

दोघींनी रंगूचा हात ओढून बन्सीपुढं धरला. बन्सी नको नको म्हणत होता, पण भरायला लागला. रंगूनं मूठ वळली. दुसरी बांगडी कटकन फुटली आणि तिच्या मनगटातून रक्त आलं.

"आमाला आधी सांगितलं न्हाई हे," आक्काबाई थंडपणे म्हणाली. साखरबाईचं तोंड पांढरं पडलं. तिनं रंगूच्या पाठीत धपाटा घातला. मग दुसरा. पोरीला मारता मारता तीच रडत होती.

नकुशी उठली. कोपऱ्यातल्या पाट्यापाशी गेली आणि दोन्ही हात त्यावर आपटले. एकदा, दोनदा, शेवटची बांगडी फुटेपर्यंत थांबली नाही.

सगळ्या जागच्या जागी थिजल्या. बन्सीनं डोळे मिटून हात जोडले.

"अगं तुझा दादला जित्ता हाय!" झुंबरबाई कुजबुजली. "भाईर मांडवात पान खात बसलाय!"

"बसू द्या की." नकुशीच्या मनगटांवरून रक्त ओघळत होतं. "हललात तर बघा. ऐका जरा."

कोणी हललं नाही. रंगूची किंकाळी थांबली होती. तिनं कानांवरचे हात काढले. खाली पडलेला एक हिरवा तुकडा उचलला आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर नीट ठेवला. मग त्याच्या शेजारी दुसरा.

आक्काबाई ताडकन उठली. "ह्याला घर म्हणायचं का काय! ही अवदसा आधी भाईर काढा!" तिनं नकुशीवर हात उगारला. डझनभर नव्या बांगड्या खळ्ळकन कोपराकडं घसरल्या.

रंगू किंचाळली. हातातला तुकडा टाकून तिनं पुन्हा कान दाबले.

बत्तीस जणींनी एकदम पाहिलं. रंगूकडं नाही, आक्काबाईच्या हाताकडं.

"घ्या की आता खाली, न वाजवता," नकुशी म्हणाली.

आक्काबाईनं तिच्याकडं खाऊ की गिळू अशा नजरेनं पाहिलं. पण हात वरच राहिला.