परबांच्या फरशीखाली

मुलुंडची तळमजल्यावरची जागा विकून गुणाजी परबला बायकोसह कायमचं देवगडला जायचं होतं. अडचण एकच होती. इमारत रंगाच्या एका जुन्या कारखान्याच्या जमिनीवर उभी होती आणि कारखान्याने जाताना विषारी रसायनांची पिंपं तिथेच पुरली होती.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात चंद्रप्रकाश आणि अनुपमा हे नवं जोडपं जागा बघायला आलं.

"तुमी गप रवा, एक शब्द बोलू नकात," सुलक्षणाने नवऱ्याला आत दम दिला आणि ती चहा घेऊन बाहेर आली.

"जमीन चांगली आहे ना?" चंद्रप्रकाशने विचारलं.

"झकास! तुळस लावा, माड लावा."

फरशीखालून ठक् असा आवाज आला.

"उंदीर असेल," सुलक्षणा हसली.

ठक्. ठक्.

"बोअरिंगचं पाणी तर एकदम गोड," ती घाईने म्हणाली. या वेळी कपबशा खणखणल्या.

गुणाजीला राहवेना. "साहेब, खरं सांगतो. खाली विषाची पिंपं पुरलीत. इथे तुळस जगत नाही, पाण्याला रॉकेलसारखा वास येतो. उद्या पोरंबाळं होतील, त्यांना ते पाजू नका."

आवाज बंद झाला.

"लागली वाट!" सुलक्षणाने कपाळावर हात मारला.

अनुपमा मात्र गुणाजीकडे कौतुकाने बघत होती. "आता सगळं सांगितलंत ना, काका?"

"सगळं. देवाशप्पथ."

त्याला खरोखरच आणखी काही माहीत नव्हतं.

ठक्. मग अनुपमाच्या खुर्चीखाली ठक्. ठोके हळूहळू सरकत रिकाम्या स्वयंपाकघरात गेले, आणि तिथे कुणीतरी बोलण्याआधी खाकरावं तसं खाकरलं.