हाकेला ओ

"नाथाजी कोंडीबा शेलार!"

कारकुनाने तिसऱ्यांदा पुकारले. नाथाजी बाकाखाली शिरला आणि त्याने डोके गुडघ्यांत खुपसले.

साताऱ्याच्या दवाखान्यात त्या दिवशी लढाईवरून परतलेल्या शिपायांची तपासणी होती. कारकून हसला. "बाई, बहिरा आहे का तुझा नवरा?"

"न्हाई. लय चांगलं ऐकू येतं त्यास्नी," म्हणत रंगुबाई बाकाशी वाकली. "आवं, उठा की. सायेब बोलावत्यात."

तो हलला नाही.

डॉक्टर स्वतः बाहेर आले. म्हातारे, सावकाश बोलणारे. "नावाला ओ देईल त्याला मी घरी सोडतो, बाई. याला पुण्याला, वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं लागेल. गाडी दुपारची आहे."

पाच वर्षे रंगुबाई मेढ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. आठ महिन्यांपूर्वी तो त्या वाटेने आला, पण आल्यासारखा वाटलाच नाही. भाकरी पुढ्यात ठेवून भिंतीकडे बघत राही. कुणी नावाने हाक मारली की लपे.

"तिकडं ब्रह्मदेशात रोज हजेरी व्हायची, सायेब," ती म्हणाली. "नाव पुकारायचं. कुणी ओ दिली न्हाई की त्यावर काट मारायची. यांच्या जोडीचे सगळे तसंच गेले. आता नाव घेतलं की माणूस मरतो, असं बसलंय त्यांच्या मनात."

बोलता बोलता ती थांबली. तिच्या मनात तरी दुसरे काय होते? बायकोने नाव घेतले की नवऱ्याचे आयुष्य तुटते, असे सासूने लग्नातच बजावले होते. त्या धाकाने ती टपालवाल्यालाही "शेलारांच्या थोरल्यांचं पत्र हाय का" एवढेच विचारी. देवापुढेसुद्धा नाव ओठांवर येऊ देत नसे. जीव मात्र त्याच नावासाठी झुरत होता.

तिने पदर मुठीत आवळला.

"नाथाजी!"

"अगं बया!" कुणी म्हातारी पुटपुटली.

"आवं नाथाजी, घरी चला."

त्याने डोके वर केले. तिच्याकडे बघत राहिला. शिपायासारखा 'हजर' म्हणाला नाही. बांधावरून म्हणावे तसा म्हणाला, "आलो गं."

याला तीन वर्षे झाली. भीती गेलेली नाही. महिन्या-दोन महिन्यांनी तो अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतो. मग रंगुबाई अंगणात उभी राहते आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असे त्याचे नाव घेते. थोड्या वेळाने तो बाहेर येतो.

गावात आता वेडी म्हणतात ते तिला.