आबांची वाटी

दुसरी वाटीही साधनाने गच्चीवरून तशीच खाली आणली. पहिली पपईची होती, ही सीताफळाची. कोणी तोंडसुद्धा लावलं नव्हतं. वर साय धरल्यासारखा थर तेवढा आला होता आणि काठाला मुंग्या.

"न्हाई घेतलं?" उंबऱ्याशी बसलेल्या सासूबाईंनी, मनकर्णाबाईंनी विचारलं.

"न्हाई."

ओसरीवर जेवायला बोलावलेली हट्टा गावातली भावकी ताटकळली होती. आबांनी, म्हणजे साधनाचे सासरे माणिकराव यांनी घेतल्याशिवाय कोणाला पानावर बसता येत नव्हतं, आणि आबा काही घेत नव्हते. भरलं ताट वर गेलं होतं, तेही जसंच्या तसं होतं. तळण गार पडलं होतं. लेकरं चिवड्याच्या डब्याभोवती घोटाळत होती, आणि पुसेगावचे जावई जळबाराव दर थोड्या वेळाने नुसतेच खाकरत होते.

आज स्मूदी करायची कल्पना साधनाचीच. हे खूळ घरात आणलं होतं तिच्या लेकीने, शितलने, नांदेडला शिकायला गेल्यावर. पिकल्या केळ्यांचे काप फ्रीजरमध्ये गोठवायचे, घट्ट दही आणि भिजवलेले बदाम घालायचे, पाणी जवळजवळ नाहीच, आणि मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. आबांच्या दाढा काढल्यापासून त्यांना त्याची अशी चटक लागली की दुधात भाकरी चुरून पुढे ठेवली तरी ते 'ते गारगार घट्ट' मागायचे. साखर मात्र डॉक्टरांनी बंद केली होती, आणि ती बंदी राबवायचं काम साधनाच्या गळ्यात पडलं होतं. नवरा विजयकुमार अशा वेळी नेमका हळदीला पाणी द्यायला निघून जायचा.

एकदा आबांनी डब्यातून मूठभर साखर काढून पेल्यात टाकली. साधनाने पेला ओढून घेतला, मोरीत ओतला आणि चार माणसांत बोलली, "तुमी का लहान लेकरू हाईत?" त्यानंतर आबा तिच्याशी बोललेच नाहीत. नणंद करुणाला हे सगळं पाठ होतं आणि आज ती ते ओसरीभर ऐकवत होती.

"आबाचा जीव दुखावलाय, वहिनी. तुमच्या हातचं घ्यायचे न्हाईत ते."

मग करुणाने पदर खोचून स्वतःच केली, पेरूची. बिया तशाच, दूध फाटलेलं. तिचीही वाटी परत आली तेव्हा साधनाला, खोटं कशाला बोला, बरं वाटलं.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही. केळ्याची करायला घेतली आणि मिक्सर फिरतोय न फिरतोय तोच लाईट गेली. साधनाच्या डोक्यात तिडीक गेली. तिने रवीने केळं घुसळलं, वाटी वर नेली आणि भर उन्हात पाण्याच्या टाकीआड डोक्यावर पदर घेऊन थांबली. एक खार वाटीकडे सरकली, तिला तिने हुसकावलं. बाकी काही नाही. एका माणसाच्या किती मिनतवाऱ्या करायच्या, असं तिला झालं. तिला चिडायचं होतं, पण चिडण्याच्या खाली भीती होती. आज आबांनी तिच्या हातचं घेतलं नाही, तर तिच्यावर राग धरला असंच गाव जन्मभर म्हणेल, आणि तिलाही ते खरं वाटेल.

ती खाली आली. मनकर्णाबाई उठल्या. त्यांनी साखरेचा डबा तिच्यापुढे ठेवला.

"घाल."

साधनाचा हात सवयीने आखडला.

"घाल म्हणते ना. आन् नुसती घालू नको. तोंडानं सांग त्यायला."

तिने आणखी केळी घुसळली, वाटी भरली आणि वरून मूठभर साखर पेरली. पुन्हा जिना चढली, वाटी कठड्यावर ठेवली.

"आबा, चुकलं माझं. चार माणसांत बोलाया नको व्हतं. पण साखर तोडली ती तुमी ऱ्हावं म्हणून."

ती मागे सरली आणि पदराने डोळे टिपत राहिली. जरा वेळाने खालून करुणाने विचारलं, घेतलं का म्हणून. साधनाने डोळ्यांवरचा पदर काढून पाहिलं. आबांना जाऊन चैत्रात वर्ष झालं होतं, आणि त्यांच्या पहिल्या पितरपाटाच्या वाटीत एक काळाभोर कावळा चोच खुपसून साखर खात होता.