खडकी आली का?

निलगिरीच्या डोंगरात वाफेचं इंजिन धापा टाकत होतं. पुण्याची मंडळी दरीचे फोटो काढण्यात दंग होती. खिडकीपाशी अनंतराव दर वळणावर विचारत, "खडकी आली का?" जन्मभर खडकीच्या कारखान्यात नोकरी केलेली, आता तेवढं स्टेशन सोडून सगळं पुसून गेलं होतं, बायकोचं नावसुद्धा. "नाही हो, अजून वेळ आहे," कुंदाताई म्हणत. हरवलेच तर सापडावेत म्हणून नवऱ्याच्या रुमालावर त्यांनीच घरचा फोननंबर दोऱ्याने भरला होता. पाणी भरायला गाडी जंगलातल्या ओसाड स्टेशनावर थांबली. "खडकी आली का?" "आली. उतरा," कुंदाताई म्हणाल्या. अनंतराव उतरून धुक्यात चालू लागले. रुमाल बाकावरच राहिला. शिट्टी झाली, गाडी हलली. मागच्या बाकावरच्या बाई खिडकीशी आल्या. "रुमाल टाकलाय, कोणी येतंय का?" कुंदाताईंनी रुमाल घडी घालून पर्समध्ये ठेवला. "बसा. आमचे हे खडकीला उतरले."