ढब्बूची बदली

“पगार झाला, रजा झाली, प्रवासभत्ता झाला. आता याला काढायचं कसं तेवढं दाखवा,” हेडक्लार्क म्हणाला, “म्हणजे आम्हीही सुटलो आणि तोही सुटला.”

सगळे हसले. फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हातातल्या पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

कंपनीच्या गावोगावच्या शाखांना हिशेबाचं नवं सॉफ्टवेअर शिकवायचं, हे बाईंचं काम. शाखा बदलायची, भिंतींचा रंग बदलायचा, पण सरावासाठी घेतलेला खोटा कर्मचारी सगळीकडे एकच: ढब्बू. नाव ऐकून प्रत्येक ठिकाणी हशा पिकायचा आणि मग जो तो त्याच्यावर हात साफ करून घ्यायचा. एका शाखेनं त्याला बोटीनं प्रवासाला पाठवून भत्ता दिला. दुसरीनं त्याचा पाय मोडून दवाखान्याचं बिल मंजूर केलं. एके ठिकाणच्या टवाळांनी तर त्याचं लग्नच लावून दिलं आणि वारस म्हणून बायकोचं नाव घातलं, ढब्बी. या शाखेनं मात्र कहर केला होता. खोलीत एक खुर्ची जास्तीची होती. तिच्या पाठीला हेडक्लार्कनं ‘ढब्बू’ अशी चिठ्ठी डकवली होती आणि वर आपली जाडजूड बॅग ठेवून दिली होती. “साहेब बाहेर गेलेत, जागा धरून ठेवलीय,” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

बाई हे सगळं होऊ द्यायच्या. संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीवर गेल्या की त्या ढब्बूचं खातं उघडायच्या आणि आज पोरानं काय काय केलं ते वाचायच्या. पोर त्यांचंच होतं. जेमतेम तिसरीत गेलं होतं, सायकलसुद्धा धड येत नव्हती. तापाचं निमित्त झालं आणि गेलं. फुगऱ्या गालांमुळं घरात सगळे त्याला ढब्बू म्हणायचे. पहिल्या शाखेत सरावासाठी काहीतरी नाव हवं होतं आणि बाईंच्या बोटांनी परस्पर तेच टाइप केलं. तेव्हापासून तो फिरत होता, पाय मोडून घेत होता, बाईंना सूनसुद्धा आली होती. हा वेडेपणा आहे हे त्यांना कळत होतं. कळत होतं, पण वळत नव्हतं.

शेवटचा धडा खातं बंद करण्याचा. तिथं संगणक कारण विचारायचा: बदली, राजीनामा, निवृत्ती, मृत्यू. बाई दर वेळी बदली निवडायच्या आणि ढब्बूला पुढच्या शाखेत पाठवून द्यायच्या. मग सामान बांधून त्याच्या मागोमाग निघायच्या.

“बदली करा,” त्या आत्ताही म्हणाल्या.

संगणकापाशी शाखेची कॅशियर बसली होती. तिनं बदली दाबलं आणि थांबली. “कुठली शाखा टाकू? यादी रिकामीच येतेय, मॅडम.”

रिकामीच येणार होती. ही शेवटची शाखा. बाकी सगळीकडे खरं काम सुरू झालं होतं, तिथं सरावाच्या कर्मचाऱ्याला थारा नव्हता. बाईंना हे कधीपासून ठाऊक होतं आणि तेव्हापासून त्या त्याकडे काणाडोळा करत आल्या होत्या. उद्या इथंही खरं काम सुरू होणार. त्याआधी ढब्बूचं खातं बंद झालंच पाहिजे, असं मुख्य कचेरीनं सकाळीच फोनवर बजावलं होतं.

“राजीनामा टाका,” मागून कुणीतरी म्हणालं. “बायको म्हणत असेल, पुरे झालं आता गावभर फिरणं.”

“त्यापेक्षा निवृत्त करा,” हेडक्लार्क म्हणाला. “पाय मोडलेला माणूस, अजून किती पळवायचा?”

कॅशियरनं मान वळवून विचारलं, “काय टाकू, मॅडम?”

बोट खोटी, पाय खोटा, बायको खोटी. पण ते सगळं दुसऱ्यांनी केलेलं होतं. ही नोंद त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगायची होती. निदान ती तरी खोटी नको, असं त्यांना वाटलं.

“शेवटचं,” त्या म्हणाल्या. “मृत्यू.”

“अरेरे,” हेडक्लार्क म्हणाला. “तरणाताठा माणूस हो.” पुन्हा सगळे हसले.

“तारीख विचारतंय.”

बाईंनी तारीख सांगितली. दिवस, महिना, वर्ष, सगळं एका दमात, आपण घरचा पत्ता सांगतो तसं. कॅशियरनं ती टाकली. पडद्यावर लाल ओळ उमटली.

“घेत नाही,” ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना. “ही तारीख रुजू होण्याच्या आधीची आहे म्हणे. म्हणजे हा आधी मेला आणि मग कामाला लागला. वर्ष चुकलं वाटतं तुमचं.”

“नाही. बरोबर आहे.”

“पण मग हे पुढेच जाणार नाही, मॅडम. दुसरी द्या ना एखादी.”

“दुसरी नाही गं,” बाई म्हणाल्या. “एकच आहे.”

कॅशियरचं हसू ओठांवरच राहिलं. कोपऱ्यातला फोन वाजायला लागला, मुख्य कचेरीचाच असणार, पण तो कुणी उचलला नाही. हेडक्लार्क जागेवरून उठला. ढब्बूच्या खुर्चीवरची आपली बॅग त्यानं हळूच उचलली आणि खाली जमिनीवर ठेवली.